कॅमेऱ्याआधी दिवा घ्या

मालेगावात कॅम्पापासून सोयगावपर्यंत नव्या घरांच्या दर्शनी भिंतीवर हल्ली दोन गोष्टी हमखास दिसतात. एक गणपतीची टाइल, दुसरा बुलेट कॅमेरा. पोर्चचा दिवा मात्र बऱ्याच घरांत नसतोच. असला तर वीजबिलाच्या धास्तीनं रात्री दहाला बंद होतो. कॅमेरे बसवणं हा माझा धंदा आहे, तरीही सांगतो: रात्रीसाठी कॅमेरा घ्यायचा असेल तर पहिले शंभर-दोनशे रुपये दिव्यावर घाला. उरलेले कॅमेऱ्यावर.

आमच्या दुकानात वडील पावरलूमच्या मोटरींचं वाइंडिंग करायचे. आता त्याच टेबलावर कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणारे डीव्हीआर उघडलेले असतात. गिऱ्हाईक मात्र सगळीकडचं येतं. लूमवाले येतात, दाभाडीकडचे डाळिंबवाले येतात, उमराण्याच्या बाजूचे कांदाचाळवाले येतात, आणि मुलं पुण्याला गेल्यावर बंगल्यात दोघंच उरलेली म्हातारी माणसंही येतात. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: "रातले चांगलं दिखी ना, भाऊ?" आणि बाजारात त्यांना उत्तर मिळतं, "आठ मेगापिक्सल आहे, नाना, काळजीच नको." प्रश्न रात्रीचा, उत्तर दिवसाचं.

आठ मेगापिक्सलच्या कॅमेऱ्यातून दिवसा उत्तम दिसतं, यात वाद नाही. पण घरगुती कॅमेऱ्यांत दोन मेगापिक्सल आणि आठ मेगापिक्सल, दोन्हींचा सेन्सर बऱ्याचदा एकाच मापाचा असतो. एक छेद २.८ इंच हे त्यातलं नेहमीचं माप. म्हणजे भाकरी तेवढीच आणि खाणारी तोंडं चौपट. प्रत्येक पिक्सलच्या वाट्याला उजेड येतो पाव. उन्हात त्यानं काही बिघडत नाही, कारण उजेड मुबलक असतो. अंधारात त्याचंच चित्र दाणेदार होतं, मग कॅमेरा ते दाणे पुसायला जातो आणि दाण्यांबरोबर नाक-डोळेही पुसतो. अंधाऱ्या दारासाठी मोठ्या सेन्सरचा चार मेगापिक्सल, नाहीतर चांगल्या लेन्सचा दोन मेगापिक्सल कधीही बरा. लेन्सवर 'एफ'पुढचा आकडा जितका लहान तितकं तिचं तोंड मोठं. एफ १.० ची लेन्स एफ २.० च्या चौपट उजेड आत घेते. खोक्यावर मेगापिक्सल ठसठशीत अक्षरांत असतात आणि हा आकडा मुंगीएवढा. वाचायचा तो मुंगीएवढा.

मग येतो लक्स, म्हणजे उजेडाचं माप. 'किमान ०.००५ लक्स' असं छापलेलं असतं. पौष पौर्णिमेला चंदनपुरीच्या यात्रेत चंद्र ऐन डोक्यावर असतो, तेव्हाही जमिनीवर उजेड असतो साधारण पाव लक्सच्या आतबाहेर. त्याच्या पन्नासाव्या हिश्श्यात चित्र दिसतं, असा खोक्याचा दावा. तो दावा अगदीच खोटा नसतो. पण तेवढ्या उजेडात चित्र काढायला कॅमेऱ्याला शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि चोर काही फोटोसाठी थांबत नाही. हिशेब करून बघा. माणूस सेकंदाला साधारण दीड मीटर चालतो. शटर सेकंदाचा पंचविसावा भाग उघडं राहिलं तर तेवढ्यात तो सहा सेंटिमीटर सरकतो. माणसाचा चेहरा जेमतेम पंधरा सेंटिमीटर रुंद. कॅमेऱ्यासमोरून आडवा गेला तर जवळजवळ निम्मा चेहरा फासला जातो. पळाला तर नुसता पट्टा उरतो. रिकाम्या अंगणाचं चित्र सुंदर आणि माणूस आला की भूत, असं बऱ्याच ठिकाणी होतं ते यामुळेच.

यावर साध्या कॅमेऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे इन्फ्रारेड. लेन्सभोवतीचे बारीक एलईडी डोळ्याला न दिसणारा उजेड टाकतात आणि चित्र काळं-पांढरं होतं. स्वस्त आहे, शेजाऱ्याला त्रास नाही, मिट्ट काळोखातही चालतं. मात्र आपण कापडाच्या गावात राहतो, तेव्हा कापडाचीच गोष्ट सांगतो. इन्फ्रारेडखाली कपड्याचा रंग कळत नाही, एवढ्यावर भागत नाही. तो चक्क खोटा दिसतो. काळ्या रंगात रंगवलेलं कापड पुष्कळदा पांढरट दिसतं, कारण तो रंग डोळ्याला दिसणारा उजेड शोषतो आणि इन्फ्रारेड परतवून लावतो. समोरच्या घरातल्या आजी सांगतात, "काळा शर्ट होता रे." फुटेजमध्ये पांढऱ्या शर्टातला माणूस. मग दोघांपैकी खोटं कोण, यावर चौकीत अर्धा दिवस जातो.

दुसरी अडचण खास आपल्याकडची. लूमच्या वस्तीत हवेत कापसाचा बारीक तंतू सतत तरंगत असतो. तो घुमटाकार डोम कॅमेऱ्याच्या काचेवर बसतो, वर कोळी जाळं विणतो, आणि रात्री इन्फ्रारेड त्या तंतूंवर आपटून परत लेन्समध्ये येतो. स्क्रीनवर दिसतं धुकं. त्या भागात मी डोम लावतच नाही, बुलेट लावतो, आणि गिऱ्हाइकाला सांगतो की देवघर पुसता त्या फडक्यानं नको, पण वेगळ्या मऊ फडक्यानं आठवड्याला काचही पुसा. पांढऱ्या भिंतीला किंवा पत्र्याच्या पन्हाळीला चिकटून लावलेल्या कॅमेऱ्याचंही तेच. जवळची भिंत झगझगते आणि पुढचं फाटक काळोखात जातं.

आता दिव्याचा हिशेब. नऊ वॉटचा एलईडी बल्ब रोज बारा तास जळला तर महिन्याला सव्वातीन युनिट. तेवढ्या खर्चात शटर कमी वेळ उघडं राहतं, चेहरा फासला जात नाही, काळा शर्ट काळा दिसतो, आणि मुख्य म्हणजे येणाऱ्याला कळतं की आपण दिसतो आहोत. दिवा आलेल्या माणसाच्या पाठीमागे नको, तोंडावर उजेड पडेल असा कॅमेऱ्याच्याच बाजूला हवा. पण लेन्सपासून दोन-तीन फूट दूर, नाहीतर पावसाळ्यात सगळे पाखरं-किडे लेन्ससमोर नाचतात. अंधार पडला की आपोआप लागणारा सेन्सर घ्या. भर दुपारी जळणारा पोर्चचा दिवा 'घर बंद आहे' असं ओरडून सांगत असतो.

'फुल कलर' नावाचे कॅमेरे पांढरा दिवा अंगावर घेऊनच येतात. ते चांगले असतात. फक्त कॅमेऱ्यात इन्फ्रारेडही असेल, असा दोन्ही दिव्यांचा घ्या. आणि आपल्याकडे वीज जाते हे विसरू नका. डीव्हीआर, कॅमेऱ्याचा पॉवर सप्लाय आणि राउटर, तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. घरात पंखा फिरतो आणि कॅमेरा बंद, अशी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

मळ्यातल्या घराची गोष्ट वेगळी. तिथं डाळिंबाच्या बागेला रात्रभर दिवे लावणं परवडत नाही. तिथं इन्फ्रारेडच घ्या, पण खोक्यावरच्या 'तीस मीटर'वर विसंबू नका. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. तीस मीटरवर काहीतरी हललं एवढंच कळेल. कुत्रं, बिबट्या की माणूस, ते कळेलच असं नाही. कांदाचाळीच्या आणि घराच्या दाराशी मात्र तिथंही दिवा हवाच.

कॅमेऱ्यापासून किती अंतरावर चेहरा ओळखू येतो, याचा रूढ आंतरराष्ट्रीय मापदंड आहे. अनोळखी माणसाची ओळख पटवायला चित्रात एका मीटरला २५० पिक्सल लागतात. दोन मेगापिक्सलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सल, म्हणजे पावणेआठ मीटरपेक्षा रुंद दृश्य घेतलं की ओळख संपली. सगळं अंगण दिसावं म्हणून लोक हौसेनं २.८ मिलिमीटरची लेन्स घेतात. तिच्यात ओळख पटायचं अंतर भरतं तीन मीटरच्या आसपास, आणि तेही दिवसाच्या उजेडात. सहा मिलिमीटरच्या लेन्सला तेच सात मीटरपर्यंत जातं. म्हणून चार कॅमेरे स्लॅबच्या चार कोपऱ्यांत टांगण्यापेक्षा एक कॅमेरा अंगणासाठी वर आणि एक फाटकासाठी सात-आठ फुटांवर, अरुंद लेन्सचा लावा. बारा फुटांवरून टोपी दिसते, तोंड नाही.

हे एवढं का सांगायचं? कारण लोक कॅमेरा घेतात ते पुराव्यासाठी. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० रोजी देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवायचा आदेश दिला, तेव्हा त्यात रात्री दिसण्याची क्षमता आणि आवाजाची नोंद या अटी लिहिल्याच, शिवाय जिथं वीज नाही तिथं सौर किंवा पवनऊर्जेनं ती पुरवा, असंही बजावलं. नुसत्या यंत्रानं भागत नाही, हे न्यायालयालाही दिसलं होतं. त्याच वर्षी १४ जुलैला आपल्याच जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात, निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या चित्रीकरणावरून, न्यायालयानं स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची तर सोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. तेव्हा घटना घडली की मोबाइलवरून स्क्रीनचं शूटिंग करून गटावर टाकत बसू नका. डीव्हीआर जुनं पुसून नवं लिहीत असतो, आधी मूळ नोंद काढून ठेवा. आणि खरेदीच्या वेळी पक्कं बिल घ्या. कॅमेऱ्यांच्या सरकारी सुरक्षा तपासणीचा नियम ९ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. कॅमेरा त्यात बसतो का, ते दुकानदाराला विचारा. बसवल्यावर कंपनीचा पासवर्ड त्याच दिवशी बदला, माझ्यासमोर नको.

एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकाला आवडत नाही, तरी मी सांगतो. आपल्या गल्ल्या अरुंद, दारासमोर दार. उन्हाळ्यात माणसं गच्चीवर झोपतात, बाया ओट्यावर बसतात. रात्री चांगलं दाखवणारा कॅमेरा शेजारच्या गच्चीवरही तितकाच चांगला बघतो. २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात सांगितलं की सोबत राहणाऱ्या दुसऱ्याच्या संमतीविना राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत. भावाला ते लागू, तर शेजाऱ्याच्या बाबतीत आपणच शहाणपण दाखवावं. बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा हवा तो भाग झाकायची सोय असते. शेजाऱ्याला बोलावून, त्याच्यासमोर त्याची गच्ची झाका. संकटात धावून येणारा तोच असतो, फुटेज नंतर येतं.

खांबावरचा दिवा बंद असेल तर अर्ज एकट्यानं नको, गल्लीनं मिळून सह्यांचा द्या. एका चालू खांबानं सगळ्या घरांचे कॅमेरे सुधारतात. आणि खरेदी करताना दुकानातल्या टीव्हीवरचं दुपारचं चित्र पाहून पैसे मोजू नका. कॅमेरा बसवून घ्या, अर्धे पैसे द्या. रात्री नऊनंतर घरातल्या कुणालातरी फाटकातून दारापर्यंत नेहमीच्या चालीनं चालायला लावा, मग चित्र थांबवून चेहरा बघा. त्याला न ओळखणाऱ्या माणसालाही तो ओळखता येईल असा दिसला, तरच उरलेले पैसे द्या. कॅमेरा माझ्याकडून घेतलात तरी हाच नियम.