एम.ए. मराठी, मग पुढे?
मराठीला २०२४च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठीचं विद्यापीठही सुरू झालं, पण एम.ए. मराठी झालेल्या मुलीला मावशी अजून विचारते, ‘मग आता बी.एड. का?’ मावशीचं चुकत नाही. नेट-सेट काढा आणि कॉलेजात तासिका तत्त्वावर राबा, नाहीतर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उघडा, याखेरीज वाट कुणी दाखवलेलीच नसते. पुण्यात जपानी शिकणारी मुलं बघा. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचे पाच स्तर, सर्वांत सोपा एन-५, सर्वांत अवघड एन-१. उमेदवार एन-२ झालाय म्हटलं की कंपनीला त्याच्या वाचण्या-समजण्याचा अंदाज येतो. आमच्या गुणपत्रिकेवर मात्र मध्ययुगीन वाङ्मय ६८ आणि साहित्यसमीक्षा ६१. ती समीक्षा मला प्रिय आहे, ती काढू नये. पण एम.ए. झालेल्या मुलाला दोनशे पानी हस्तलिखित संपादित करता येईल का, कायद्याचा मसुदा सोप्या मराठीत आणता येईल का, हे त्या कागदावरून कसं कळावं? बहुतेकदा त्याला ते कुणी करायलाच लावलेलं नसतं. अर्थात सगळं खापर विद्यापीठांवर फोडणंही सोयीचंच. बँका, विमा कंपन्या, मोबाइल ॲप, सगळ्यांना मराठी मजकूर हवा असतो. जपानीच्या जाणकाराला भाषेच्या कामासाठी नोकरी मिळते. मराठीवाल्याला शब्दामागे काही पैसे, आणि तेही चारदा मागितल्यावर.