दमलेल्या माणसाची रहस्यकादंबरी

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीतून शिफ्ट संपवून हर्सूलला परतणाऱ्या माणसाला संध्याकाळी काय करावं याचे सल्ले भरपूर मिळतात. नवं कौशल्य शीक, इंग्रजी सुधार, वाचायचंच असेल तर वैचारिक वाच. टीव्हीवर गुन्ह्याचा तपास पाहणं किंवा ऐतिहासिक रहस्यकादंबरी वाचणं म्हणजे वेळेची नासाडी, आणि शिवाय इतिहासाचीही, असं हे सल्लागार मानतात. दोन्ही आक्षेप मला अमान्य आहेत.

आधी वेळेचं बोलू. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 10 जून 1890 रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षं लढा दिल्यावर. मालकानं विकत न घेतलेला वेळ कामगाराचा, हा हक्क असा झगडून मिळवलेला आहे. तो आता कौशल्यविकासाच्या नावाखाली पुन्हा कारखान्याच्या पदरात टाकायचा कशासाठी? ज्याला शिकायचं आहे त्यानं जरूर शिकावं. पण जो शिकत नाही तो आळशी, हा निवाडा अन्यायाचा आहे.

दमलेल्या डोक्याला नुसता अंधार पुरत नाही. दिवसभरातली कामं अर्धवट राहिलेली असतात: मशीनचा न सापडलेला बिघाड, न आलेला सुटा भाग, रिजेक्शनचा न जुळलेला हिशेब. ते सगळं रात्रीही डोक्यात फिरत राहतं. रहस्यकथेत मात्र प्रश्न पडतो, धागे सापडतात, उत्तर मिळतं आणि दिवा मालवता येतो. 1993 साली दूरदर्शनवर आलेला बासू चटर्जींचा ‘ब्योमकेश बक्षी’ पाहताना हे समाधान मिळे. स्वातंत्र्याच्या आगेमागेच्या काळातलं कलकत्ता, धोतर नेसलेला सत्यशोधक आणि एका-दोन भागांत उलगडणारं प्रकरण. वर्षानुवर्षं न संपणाऱ्या रोजच्या मालिकांची वकिली मी करणार नाही. त्या पाहून माणूस आणखी शिणतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कल्पित कथेमुळे खोटा इतिहास डोक्यात बसतो, असं म्हणतात. तसं घडतं, हे खरं आहे. पण त्यात दोष असतो तो वाचकाला नुसती टाळी वाजवायला लावणाऱ्या कथेचा. चांगली रहस्यकादंबरी वाचकाच्या हाती पुरावा देते आणि त्यावर शंका घ्यायला लावते. मुरलीधर खैरनारांची ‘शोध’ घ्या. सुरतेच्या 1670 सालच्या दुसऱ्या लुटीतला खजिना तिच्या केंद्रस्थानी आहे. ती वाचून नकाशा उघडावासा वाटतो, त्या वेळी दख्खनचा सुभेदार असलेला शहजादा मुअज्जम औरंगाबादेत बसून काय करत होता, हे शोधावंसं वाटतं.

उम्बेर्तो इकोची ‘द नेम ऑफ द रोझ’ ही रहस्यकादंबरी घडते 1327 साली, इटलीतल्या एका मठात. मुहम्मद तुघलकानं राजधानी देवगिरीला हलवली ती त्याच सुमाराला. हर्सूलहून तासाभराच्या आत गाठता येईल अशा त्या किल्ल्याबद्दल शाळेत एकच गोष्ट सांगितली गेली, की सगळी दिल्ली ओस पडली. त्या काळचा इतिहासकार बरनी यानं तसंच लिहून ठेवलं आहे. पण दिल्ली परिसरातच 1327 आणि 1328 सालचे संस्कृत शिलालेख सापडले आहेत, आणि तिथलं लोकजीवन चालू असल्याची साक्ष ते देतात. दोन साक्षीदार, दोन जबान्या. बरनीनं हे सारं बऱ्याच वर्षांनी, मनात सुलतानाबद्दल राग ठेवून लिहिलं, हे कळल्यावर कोणत्या जबानीवर किती विश्वास ठेवायचा, हे ठरवायला रहस्यकादंबरीचा वाचक तयार असतो. संशयिताचा हेतू तपासण्याची सवय त्याला रोज रात्रीच्या वाचनानं लागलेली असते. ही सवय पाठांतराच्या इतिहासानं कधी लावली?

सत्यजित राय यांनी आपल्या गुप्तहेराला, फेलूदाला, मूर्तिचोरांच्या मागावर थेट वेरूळला आणलं. ती कादंबरी पुस्तकरूपात आली 1974 साली, बंगालीत. आपल्याच लेण्यांवरचं रहस्य बंगाली लेखकानं लिहावं आणि आपण रहस्यकथेला हलकी म्हणत बसावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 1610 साली मलिक अंबरनं वसवलेली खडकी (पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर), उत्तरेच्या डोंगरपायथ्यापासून पंपाविना, केवळ उतारावर शहरात पाणी आणणारी त्याची नहर, देवगिरी किल्ल्यातला अंधारी मार्ग: सामग्री दारात पडली आहे. मराठवाड्यातल्या लेखकांनो, कागदपत्रं नीट तपासून या जागांवर रहस्यकादंबऱ्या लिहा. शिफ्ट संपवून आलेला वाचक त्यांची वाट पाहतो आहे.