बाटली आडवी केली, पुडीचं काय?

सुपेकरांनो, स्पष्टच बोलतो. राग आला तरी चालेल.

आपला पारनेर तालुका दारूबंदीसाठी ओळखला जातो. राळेगणसिद्धीच्या भट्ट्या बंद झाल्या. 2016 मध्ये निघोजच्या महिलांनी आडव्या बाटलीला मतदान केलं. दुकान समोर दिसत होतं, म्हणून लढता आलं. एमडीच्या पुडीला ना दुकान, ना परवाना, ना तोंडाला वास. मतदान कशावर घेणार?

"हे मुंबई-पुण्याचं" म्हणू नका. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत शेकडो किलो एमडी पकडलं. एमआयडीसी आपल्याकडेही आहे, पुणे हायवेही आहे. बंद शेडमध्ये काय चालतं, ग्रामसभेत कधी कुणी विचारलंय?

आणि पोरगं नादी लागलं की आपण काय म्हणतो? "लग्न करून टाका, सुधरेल." म्हणजे लोकाच्या लेकीच्या गळ्यात बांधायचं! अहो, हा आजार आहे. स्वतःहून उपचार घेऊन ते पूर्ण करणाऱ्या व्यसनी माणसाला एनडीपीएस कायद्याचं कलम 64-अ खटल्यापासून संरक्षण देतं. विकणाऱ्या दलालाला नाही.

विकणाऱ्याची खबर 1933 वर द्या. व्यसन सोडवायला 14446. अब्रू झाकता झाकता पोरगं हातचं घालवू नका.