उसाचा रस, मद्यार्क आणि जालन्याचे पाणी

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट प्रथम 2030 सालासाठी ठरले होते. ते पाच वर्षे अलीकडे ओढण्यात आले आणि 2025 मध्ये गाठलेही गेले. परकीय चलन वाचले, कारखान्यांना रोख पैसा मिळाला व उसाची थकलेली देणी काही अंशी भागली. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु या हिशेबाची एक बाजू जालन्यासारख्या जिल्ह्यात मांडली गेली पाहिजे, आणि ती अद्याप कोणी मांडलेली दिसत नाही.

इथेनॉल म्हणजे मद्यार्कच. साखरेच्या द्रावणात किण्व सोडले की ग्लुकोजच्या एका रेणूपासून मद्यार्काचे दोन व कर्बवायूचे दोन रेणू होतात. वजनाने पाहिले तर 180 ग्रॅम ग्लुकोजमधून फार तर 92 ग्रॅम मद्यार्क मिळतो. उरलेले 88 ग्रॅम हवेत जातात. मद्यार्काचे प्रमाण वाढू लागले की किण्वपेशी स्वतःच मंदावतात, म्हणून पुढे ऊर्ध्वपातन करावे लागते. तेही वजनाने सुमारे 95.6 टक्क्यांवर अडते. मद्यार्काच्या रेणूला असलेला हायड्रॉक्सिल गट पाण्याशी इतके घट्ट नाते जोडतो, की नुसत्या उकळण्याने शेवटचे पाणी सुटत नाही. ते काढण्यासाठी सूक्ष्म छिद्रांच्या रेणुचाळणीतून बाष्प न्यावे लागते, कारण पेट्रोलमध्ये पाण्याचा अंश राहिला तर थर वेगळे होण्याची भीती असते. मद्यार्कातून पाणी काढण्यासाठी एवढा खटाटोप केला जातो. मद्यार्कासाठी किती पाणी घातले, याची मात्र मोजदाद नसते.

ती मोजदाद खुद्द नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात आहे. एक टन उसापासून सुमारे 70 लिटर इथेनॉल मिळते आणि साखरेच्या वाटेने तयार होणाऱ्या एका लिटरला सुमारे 2,860 लिटर पाणी लागते, असे तो सांगतो. दोनशे लिटरची चौदा पिंपे भरतील एवढे हे पाणी. 2012-13 च्या दुष्काळात ज्या जिल्ह्यात लोक टँकरची वाट पाहत पिंपांच्या रांगा लावीत होते आणि पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, त्या जिल्ह्याला चौदा पिंपांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शिवाय एक लिटर इथेनॉल हे एक लिटर पेट्रोलच्या तोलाचे नव्हे. त्याची उष्णता सुमारे एक-तृतीयांशाने कमी भरते.

1 मे 1981 रोजी स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्याच्या दक्षिणेला गोदावरी वाहते. अंबड, घनसावंगी व परतूर तालुक्यांतील ऊस जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आणि नदीकाठच्या उपशावर उभा आहे. उत्तरेकडील भोकरदन-जाफराबादचा शेतकरी मात्र पावसाच्या भरवशावर मका, सोयाबीन व कापूस पिकवितो. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जलसिंचन आयोगाने 1999 मध्येच तुटीच्या खोऱ्यांत ऊस वाढू देऊ नये असे बजावले होते. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात अधिसूचित क्षेत्रातील बारमाही पिकांना ठिबक बंधनकारक करण्याची तरतूद आहे. 2019 मध्ये औरंगाबादच्या विभागीय आयुक्तांनीही मराठवाड्यातील उसाबद्दल शासनाला कठोर शिफारस केली. अहवालांचा दुष्काळ महाराष्ट्रात कधीच नव्हता.

येथे उसाच्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आणि अन्यायाचे आहे. खात्रीचा गिऱ्हाईक व कायद्याने ठरलेला भाव असलेले दुसरे पीक त्याच्यापुढे ठेवलेच कोणी? सरकारने 2024-25 च्या पुरवठा वर्षासाठी उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे 65 रुपये 61 पैसे व शेवटच्या मळीपासूनच्या इथेनॉलला 57 रुपये 97 पैसे दर दिला. साखर काढून झाल्यावर उरणारी मळी हा वाया जाणारा माल. तिचा मद्यार्क करण्यात पाण्याचा नवा बोजा नाही. जास्त दर मात्र ताज्या रसाला! कारखान्याचा उत्पादनखर्च या दरात धरला जातो, कालव्याचे पाणी धरले जात नाही. ज्या वस्तूला किंमत नाही ती उधळली जाते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

मग मका? पाण्याच्या दृष्टीने खरिपाचा मका निःसंशय उजवा. टनामागे सुमारे 380 लिटर इथेनॉल आणि लिटरला 71 रुपये 86 पैसे दर, म्हणजे आसवनीला एका टनामागे 27 हजारांवर उत्पन्न. याच आकर्षणाने 2024 मध्ये देशाला मका आयात करावा लागला. पुढच्याच खरिपात, 2025 मध्ये, क्विंटलला 2,400 रुपये हमीभाव जाहीर असताना बाजार त्याच्या बराच खाली उतरला. आसवनीचा दर सरकार पाळते, शेतकऱ्याचा हमीभाव कागदावर राहतो. आणखी एक गंमत पाहावी. मक्याचा मद्यार्क काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा पशुखाद्यात स्वस्तात येतो, त्यामुळे सोयाबीनच्या पेंडीची मागणी घटते. मका पेरणारा आणि सोयाबीन पेरणारा हा भोकरदनमध्ये बहुधा एकच माणूस असतो.

इंधनात प्राणवायूयुक्त द्रव्य मिसळण्याचा प्रयोग अमेरिकेनेही केला. तेथे एमटीबीई नावाचा ईथर वापरला. तो टाक्यांतून झिरपून भूजलात उतरला, आणि कॅलिफोर्नियाने 2004 पासून त्यावर बंदी घातली. तिथले पाणी नासले, इथले संपते.

7 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास अचानक मनाई केली, आठवडाभरात ती सैल केली आणि ऑगस्ट 2024 मध्ये उठविली. या मनाईमागे चिंता होती ती साखरेच्या भावाची. शहरी ग्राहकाच्या चहासाठी रस रोखता येतो, तर जायकवाडीच्या साठ्यासाठी का रोखता येऊ नये? 23 ऑक्टोबर 2024 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने औद्योगिक मद्यार्कावरील राज्यांचा अधिकार मान्य केला आहे, आणि पाणी हा तर मुळातच राज्याचा विषय. इथेनॉलचे दर केंद्र ठरवीत असले तरी मद्यार्काचा परवाना आणि कालव्याचे आवर्तन या दोन्ही किल्ल्या आता मुंबईतच आहेत. ज्या वर्षी ऑक्टोबरात धरण निम्मेही भरलेले नसेल, त्या वर्षी लाभक्षेत्रातील आसवन्यांना मळीपुरतीच परवानगी द्यावी, कालव्यावरच्या उसाला ठिबकाची अट खरोखरीच लावावी, आणि मक्याचा हमीभाव चुकता केल्याची पावती दाखविणाऱ्या आसवनीचेच इथेनॉल घेण्याचा आग्रह राज्याने केंद्राकडे धरावा. यापैकी ठिबकाला तर नवा कायदाही लागत नाही. अधिसूचना निघाली की पुरे.