काळीची कळ

वसंत ऋतू कोण आणतो, या प्रश्नाला कवींनी 'कोकीळ' असे उत्तर देऊन ठेवले आहे. जोयडा तालुक्यात राहणाऱ्या माणसाला मात्र या उत्तरात थोडी दुरुस्ती करावीशी वाटते. फाल्गुन लागताच कुसुंबाला तांबडी पालवी फुटते, सावरीची फुले वाटेवर पडतात, काजूला बोंडे धरतात. हे सारे निसर्ग आपल्या हाताने करतो. परंतु आमच्या काळी नदीला भर चैत्रात जे पाणी चढते, ते निसर्गाच्या हातचे नव्हे. त्यामागे विजेची कळ आहे.

याचा हिशेब सरळ आहे. डिग्गीच्या डोंगरात उगम पावलेली काळी कारवारला समुद्रास मिळते. तिचा सारा प्रवास एकाच जिल्ह्यात होतो. गणेशगुडीजवळ १०१ मीटर उंचीच्या सुपा धरणाने तिला अडविले आहे. पावसाळ्यात साठविलेले पाणी पुढे वर्षभर बेताने सोडावयाचे आणि धरणाच्या पायथ्याशी व पुढे नागझरीला वीज करावयाची, अशी ही योजना. कोळशाची भट्टी तापायला तास लागतात, पाण्याचे चक्र काही मिनिटांत फिरू लागते. म्हणून मागणी एकदम वाढली की हाक जलविद्युतेला जाते. कर्नाटकात ही मागणी उन्हाळ्याच्या तोंडी, फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास, सर्वांत अधिक असते. बेंगळूरचे पंखे फिरू लागले की गणेशगुडीची नदी भरते! शेजारचे ओढे आटलेले असताना काळी मात्र खळाळत असते, त्यातले इंगित हे.

या पाण्यावर एक नवा धंदा उभा राहिला. रबरी नावांतून खळाळावर जाण्यासाठी बेळगाव, हुबळी, गोवा, पुणे येथून पाहुणे येतात. त्यांच्यासाठी घरांना खोल्या जोडल्या गेल्या, खानावळी निघाल्या, वाटाडे तयार झाले. नोकरीसाठी गोव्याची वाट धरणाऱ्या तरुणांपैकी काहींना गावातच काम मिळाले. याला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. यंत्राला शिव्या देणारा लेखही अखेर विजेच्या दिव्याखालीच लिहिला जातो.

पण ज्या दुकानदाराजवळ स्वतःच्या कोठाराची किल्ली नाही, त्याला दुकानाचा मालक म्हणता येईल काय? पाणी केव्हा आणि किती सोडावयाचे, हे विजेच्या गरजेवर ठरते. ते सुटले नाही की नावा काठावर, आणि पाहुणे खोलीत बसून!

या विजेची किंमत तर तालुक्याने केव्हाच मोजली आहे. आज ज्याला आपण जोयडा म्हणतो, तो तालुका पूर्वी सुपा या नावाने ओळखला जाई. काळी आणि पांढरी यांच्या संगमावरचे ते सुपा गाव १९८० च्या दशकात जलाशयाखाली गेले. कचेऱ्या जोयड्याला आल्या, अनेक कुटुंबे रामनगरला वसली. ज्यांनी गाव दिले, त्यांना निदान पाण्याचे वेळापत्रक मागण्याचा अधिकार असावा. आज पाणी केव्हा वाढणार, ही वार्ता नाववाल्याइतकीच काठावर गुरे नेणाऱ्यालाही, त्याच्या भाषेत, कळली पाहिजे. आता मोबाईल हाताहातांत आहे. जेथे रेंज नाही, तेथे भोंगा आणि फळा तर लावता येईल!

दुसरी गोष्ट आपल्याच हातची आहे. ज्या मालाची किल्ली आपल्या कमरेला आहे, त्याकडे आपण किती पाहतो? मुडली, करांदे, काटेकणगी ही कंदमुळे येथल्या कुणबी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. जोयड्यात कंदांचा मेळा भरतो, तेव्हा त्यांचे वैभव डोळ्यांत भरते. उन्हाळ्यात रानात भिरंडे पिकतात. त्यांच्या सालीचे कोकम, रसाचे आगळ, बियांचे तेल. यातल्या कशालाही बेंगळूरच्या पंख्याची वाट पाहावी लागत नाही. तरी भाव विचारताना आपण दलालाच्या तोंडाकडे पाहतो.

वाणिज्य शाखेच्या माझ्या मित्रांना मुंबईच्या शेअरबाजारातील चढउतार तोंडपाठ असतात. त्यांनी या सुटीत एक साधे कोष्टक मांडावे. एक किलो कोकमामागे भिरंडे वेचणारीला किती, वाळविणारीला किती, वाहतुकीला किती आणि शहरातल्या दुकानदाराला किती? हे एकदा कागदावर आले, म्हणजे हातातल्या मोबाईलने चित्रपट पाहण्यापलीकडे काय करता येईल, ते आपोआप सुचेल.

या अंकाचे विभाग दोन आहेत, मराठी आणि कन्नड. पाडवा आणि युगादी मात्र एकाच दिवशी येतात, आणि दोन्ही घरांत कडुलिंबाबरोबर गूळ असतो. ते कोष्टक तयार झाल्यास पुढील अंकात दोन्ही विभागांत छापावे, एवढी संपादकांस विनंती.