वळ आणि स्तोत्रं
ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला लहानपणी वडिलांनी एकदा असं फोडून काढलं, की त्याच्या मनात अढीच बसली. १५०५मध्ये वकिलीचं शिक्षण सोडून तो मठात गेला, तेव्हा खाणधंद्यातले ते वडील खवळले. त्याला देवही न्यायाधीशासारखा धाक घालणारा वाटे; पण देव मुळात दयाळू पिता आहे, हे बायबल वाचता वाचता त्याला हळूहळू उमगलं. १५२१मध्ये त्यानं वडिलांना जाहीर पत्र लिहून, त्यांचं न ऐकता मठात गेल्याची आपली चूक कबूल केली. १५३०मध्ये ते गेल्याचं कळताच स्तोत्रांचं पुस्तक उचलून तो खोलीत शिरला आणि इतका रडला, की दुसऱ्या दिवशी डोकं ठणकत होतं. श्रद्धेनं वळ पुसले जात नाहीत. पण ते वळ सोसूनही बापासाठी रडता येतं. तुमच्याही मनात अशी अढी असेल, तर ती देवापुढे मोकळी करा.