सद्गुणांची तालीम

क्रोटोनचा मायलो हा इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला नामांकित मल्ल. ऑलिंपियाची कुस्ती त्याने सहा वेळा मारली. पुढे अरिस्टॉटलने ‘निकोमॅकियन एथिक्स’मध्ये नीतीचा एक अवघड मुद्दा समजावताना याच मायलोच्या खुराकाचा दाखला दिला. दहा मिना (मिना हे ग्रीक वजन) अन्न फार होते आणि दोन मिना कमी पडते, म्हणून वस्ताद सरसकट सगळ्यांना सहा मिना वाढत नाही. सहा मिनांनी मायलोचे पोट भरणार नाही आणि तालमीत नुकत्याच उतरलेल्या पोराला ते पचणार नाहीत.

सद्गुण दोन टोकांच्या मध्ये असतो, या अरिस्टॉटलच्या सिद्धांताचा अर्थ अनेकदा ‘सगळे बेताबेताने करा’ असा लावला जातो. हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. रागाचेच बघा. योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य वेळी आणि योग्य तेवढे रागावणारा माणूस त्याच्या लेखी कौतुकास पात्र आहे. स्वतःचा आणि आपल्या माणसांचा अपमान मुकाट गिळणाऱ्याला तो लाचार ठरवतो. हे ‘योग्य’ काय ते ओळखणारी जाण म्हणजे फ्रोनेसिस, व्यवहारातले शहाणपण. कोवळ्या वयात भूमितीत पारंगत होता येते, पण या शहाणपणाला अनुभवाची वर्षे लागतात, असे तो स्पष्ट लिहितो.

मग सद्गुण येतो कुठून? सवयीतून. घरे बांधता बांधता गवंडी तयार होतो, तशी धाडसाची कामे करता करता माणसात हिंमत येते. इथवर सगळेच माना डोलावतात. पण लगेच पुढे अरिस्टॉटल सांगतो की कायदे करणारे नागरिकांना सवयी लावून चांगले घडवतात आणि चांगली राज्यव्यवस्था वाईट व्यवस्थेहून वेगळी ठरते ती इथेच. याबद्दल फार कमी बोलले जाते. जिथे खोटे बोलणाऱ्याचे काम आधी होते, अशा कचेरीत माणसाला रोज खेटे घालायला लावायचे आणि वर त्यालाच सचोटीचे धडे द्यायचे, हे अरिस्टॉटलच्या नीतीत बसत नाही.

शौर्याच्या चर्चेत तो एका लढाईची आठवण काढतो. भाडोत्री सैनिक शस्त्र चालवण्यात तरबेज, पण संकट हाताबाहेर जाताच तेच आधी पळतात. हर्मीसच्या देवळापाशी नागरिक मात्र जागचे हलले नाहीत, तिथेच मेले. पळून जाण्याची त्यांना लाज वाटली, आणि ती लाज त्यांच्यात नगराने मुरवली होती.

नगराची सवय डोळ्यांवर झापडही आणते. काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात, असे समर्थन याच अरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये केले. आपली सेवा करणाऱ्या मुलांना विकू नये, वयात आल्यावर पात्र असतील तर मुक्त करावे, अशी तरतूद त्याच्या मृत्युपत्रात आढळते. म्हणजे ती माणसे त्याच्या घरातच वावरत होती. हा दोष झाकण्यासारखा नाही.

‘एथिक्स’चा शेवट कायदे आणि राज्यघटनांकडे वळतो. अरिस्टॉटल आणि त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यघटनांची वर्णने तयार केली, असे परंपरा सांगते. त्यांपैकी अथेन्सचे वर्णन इजिप्तमधल्या पपायरसवर सापडले आणि १८९१ मध्ये छापले गेले. आर्कोन या अथेन्सच्या वरिष्ठ अधिकारपदावर निवडलेल्या माणसाची तपासणी कशी होई, ते त्यात दिले आहे. आईवडिलांना नीट वागवतोस का, कर भरतोस का, मोहिमांवर गेला होतास का, असे त्याला विचारत. साक्षीदार बोलावत आणि मग कोणाची तक्रार आहे का, अशी सर्वांसमोर विचारणा होई.